डावी बाजू वेगळी कापावी

४ फेब्रुवारी

ती. मावशी यांस,
सा. न.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धारिष्ट्य करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. बाबा गेल्याला तीन वर्षे झाली. या काळात आपण एकमेकींना एकही पत्र लिहिलेले नाही, आणि फोनवर ‘बरं आहे ना?’, ‘बरं आहे’ एवढे झाले की आपण दोघी आपापल्या बाजूचा पंखा ऐकत बसतो. त्यामुळे पाकिटावरचे माझे अक्षर पाहून काही विपरीत घडले असावे, असे आपल्याला वाटेल. तसे काही नाही. मी बरी आहे. ग्रंथालयातली नवी नोकरी चालू आहे. दिवसभर नव्या पुस्तकांची सूची करते, आणि कोणी काही विचारले तर मान खाली घालून कपाटाकडे बोट दाखवते.

दरवर्षीप्रमाणे आपण शिवलेला ड्रेस पार्सलने मिळाला. रंग मला आवडला. मात्र त्याची डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर अरुंद आहे, आणि डाव्या बाहीचा मुंढा काखेखाली उतरला आहे. ही तक्रार नव्हे. हे लिहावे की लिहू नये, याचा मी बरेच दिवस विचार केला.

बाबांनी आपल्याला लग्न करून घरी आणले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ‘आई’ म्हणायला सांगावे की नाही, या विचाराने बाबा अडखळले, तेव्हा आपणच म्हणालात, “मावशी म्हण. तोंडाला सोपं पडेल.” त्यानंतर शाळेची सगळी वर्षे मी आपल्या कापण्याच्या टेबलाखाली बसून पुस्तके वाचली. वरून कात्रीचा आवाज येत असे. आपण कापड मधोमध दुमडून घडीवर एकदाच कात्री चालवत असा. उलगडले की दोन्ही बाजू जुळ्या. म्हणूनच घडीवर कापलेल्या कापडाच्या दोन बाजू दोन मापांच्या कशा झाल्या, हे मला उमगले नाही.

आपले डोळे तर दुखत नाहीत ना, एवढेच विचारायचे होते. त्यासाठी इतके लांबण लावले, याचीही क्षमा असावी.

आपली आज्ञाधारक,
मी


११ फेब्रुवारी

चि. पंडितबाई, आशीर्वाद.

क्षमा कसली मागतेस? घरी पत्र लिहितेस की साहेबाला रजेचा अर्ज?

डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जातो. ड्रेस मी शिवला नाही. दुकानात नवी मुलगी ठेवलीय, तिनं घडी नीट दाबून धरली नाही, वरचं कापड सरकलं. चांगली बोलले तिला. परत पाठव, नीट करून देते. नाहीतर घरात वापर, पुस्तकांना कुठं कळतंय.

आता लिहिलंच आहेस तर एक काम कर. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, माझ्याच वयाची बाई. छातीला डावीकडे गाठ निघाली. अंघोळीत हाताला लागली होती, पण बाई कामात. आज बघू, उद्या बघू करत वर्ष घालवलं. शेवटी कॅन्सर निघाला. जानेवारीच्या सुरुवातीलाच ती बाजू पूर्ण काढली. काखेतल्या गाठीही काढल्या, तिथंही पोचला होता म्हणे. आता डॉक्टर सांगतात, दर तीन आठवड्यांनी सुईतून औषध घ्या, केमो. बाईचं म्हणणं, होतं नव्हतं ते काढलं, आता अंगात विष कशाला भरून घेऊ? घरात विचारायला कोणी नाही, म्हणून मला विचारते. मला काय कळतंय बाहीच्या पलीकडचं!

तुझ्याकडे पुस्तकं आहेत. खरं काय ते बघून लिही. गुळमुळीत लिहू नकोस, तिला गुळमुळीत चालत नाही.

मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशी यांस,
सा. न.

आपल्या आज्ञेप्रमाणे ग्रंथालयातील वैद्यकशास्त्राची पुस्तके पाहिली. निष्कर्ष असा.

शस्त्रक्रियेने डोळ्यांना दिसते तेवढेच काढता येते. रोग काखेतील गाठींपर्यंत गेला असेल, तर त्याचे सूक्ष्म अंश रक्तावाटे इतरत्र पोचले असण्याचा संभव राहतो. केमो त्यांच्यासाठी असते. ती न घेतल्यास रोग परतण्याची भीती बरीच वाढते. मात्र इतका उशीर झालेल्या पुष्कळ रुग्णांमध्ये औषध घेऊनही रोग परततो, असे पुस्तकांत स्पष्ट म्हटले आहे. औषधाचा त्रासही मोठा आहे: केस जातात, उलट्या होतात, ताप येऊन जिवावर बेतू शकते.

आपण गुळमुळीत लिहू नकोस असे बजावलेत, म्हणून लिहिते. वर्षभर गाठ अंगावर काढणे हा निष्काळजीपणा होता. या बाईंना कोणी खोटी आशा दाखवू नये, असे माझे मत आहे.

मसुदा ग्रंथपालबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “हे उत्तर झालं. पत्र कुठंय?” त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला नीटसा कळला नाही.

ड्रेस परत पाठवीत नाही. उसवून मीच नीट करून पाहते. लहानपणी आपण दिलेली शिवणाची शिकवणी फुकट गेली असे आपल्याला वाटू नये.

आपली आज्ञाधारक,
मी


१ मार्च

चि. पंडितबाई, आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर छान आहे, मोत्यासारखं. वर्गात पहिली यायचीस ते उगाच नाही.

गिऱ्हाइकाला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुस्तकं खरं बोलतात. घेऊनही परतणार असेल तर केस घालवून, ओकाऱ्या काढून मरायची हौस कुणाला? तिनं दवाखान्यात सांगून टाकलं, सुई नको. पहिली तारीख होती परवाची, गेलीच नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.

तिची चूक होती हेही तिनं मान्य केलं. बरोबर लिहिलंस.

जपून राहा.

मावशी


६ मार्च

ती. मावशी यांस,
सा. न.

काल ग्रंथालयातून आल्यावर ड्रेस उसवायला घेतला. आधी खालची तुरपाई सोडवावी म्हणून काठ उलटा केला, आणि मग बराच वेळ तो तसाच मांडीवर धरून बसले.

शाळेत असताना मी गणवेशाचा काठ उलटा करून मैत्रिणींना दाखवत असे. सगळ्यांच्या घरच्या तुरपाईचे टाके एकीकडे झुकलेले असत आणि माझे दुसरीकडे. मी ऐटीने सांगे, “आमच्या मावशी डावखुऱ्या आहेत.” या ड्रेसचे टाकेही तसेच झुकलेले आहेत. तेव्हा आपण ठेवलेली नवी मुलगीही डावखुरीच निघाली, असे दिसते. तिची तुरपाई जागोजागी थांबली आहे. दोरा गाठ मारून तोडला आहे, आणि थोड्या अंतरावर पुन्हा सुरुवात केली आहे. शिवता शिवता तिला हात खाली ठेवावा लागत असावा. घडी दाबून धरायलाही त्या हातात जोर उरला नसावा.

यापुढे मी काही विचारणार नाही. आपल्याला गिऱ्हाइकाविषयीच बोलायचे असेल, तर मीही गिऱ्हाइकाविषयीच बोलेन.

तिला कृपया एवढे सांगावे. मागच्या पत्रातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मी परत घेते. तो पुस्तकात नव्हता, माझा होता. पुष्कळांत रोग परततो असे जिथे लिहिले आहे, तिथेच पुढे लिहिले आहे की पुष्कळांत तो परतत नाही, आणि औषध घेतलेल्यांत अशा बायका अधिक असतात. मी अर्धेच वाक्य उतरवून पाठवले. अर्धे मुद्दाम गाळले नव्हते. पहिल्या अर्ध्यात माझे उत्तर पूर्ण होत होते, म्हणून मी थांबले. ग्रंथपालबाई काय म्हणत होत्या, ते मला आता कळले.

उलट्यांवर औषध असते. ते सुईच्या आधी मागून घ्यावे. ताप आला तर सकाळ व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठावा. केस पुन्हा येतात.

‘घरात विचारायला कोणी नाही’ असे आपण तिच्याविषयी लिहिले होते. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तिला विचारावे, सोबतीला मी आले तर चालेल का? मला फारसे बोलता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण बाकावर बसता येते.

चुकलेली तारीख पुन्हा मागून घेता येते. तिने मागावी. मी हात जोडून विनवते.

आपली,
मी


२२ मार्च

चि. पंडितबाई, आशीर्वाद.

नवी मुलगी कामावरून काढली. ठेवली होती कधी म्हणा! आणि पुन्हा माझी तुरपाई तपासत बसलीस तर कान धरीन.

गिऱ्हाईक गेली सुई घ्यायला. मी सोबत होते. तू येऊ नकोस. एका गिऱ्हाइकामागे दोघी कशाला? आणि नवी नोकरी तुझी, रजा मागताना तोंडातून शब्द फुटणार नाही, मला माहीत आहे ना.

लांब खोली आहे. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर बाटली. नर्स आली, म्हणाली, “सोबत कोण आहे?” गिऱ्हाईक म्हणाली, “आहे ना, माझी शिंपीण.” नर्स इकडं बघते, तिकडं बघते. कुठं कुणी दिसेना. मग फॉर्मवर रेघ मारून गेली.

तिनंच बजावलं, डाव्या हाताला जपा, जड उचलू नका, टाचणीसुद्धा टोचता कामा नये. गिऱ्हाईक म्हणाली, “बाई, सुई धरतो तो डावा, टोचून घेतो तो उजवा. तीस वर्षं त्यांचं असंच चाललंय.” नर्स हसली. तशी बरी आहे.

शेजारच्या खुर्चीत एक मास्तरीणबाई होती. तिचा कोट बघून मला राहवेना.

“बाई, हा कुणी शिवला?”

“का हो?”

“खांदा पाठीवर गेलाय.”

“तरीच! वर्गात पोरं हसायची, मला वाटायचं माझ्या शिकवण्याला हसतात.”

दोघी हसलो. बाटली हलली म्हणून नर्स ओरडली. पुढच्या खेपेला कोट आणा, नीट करून देते, असं सांगून आले.

घरी आल्यावर दोन दिवस गिऱ्हाईक उठली नाही. उलटीचं औषध आधी मागून घेतलं होतं, तू लिहिलं होतंस म्हणून. थोडा फरक पडला. फार नाही.

तुझ्या मनाला लागून राहील म्हणून सांगते. तिनं डॉक्टरांना विचारलं, ती एक तारीख चुकली त्यानं काही बिघडलं का? डॉक्टर नाही म्हणाले. हो म्हणाले असते तरी तिनं मला हेच सांगितलं असतं.

मावशी


१९ एप्रिल

ती. मावशी यांस,
सा. न.

आपले शेवटचे वाक्य मला पाठ झाले आहे. त्याच्यावर आणखी काही लिहीत नाही.

ड्रेस नीट झाला. अरुंद बाजू सैल करायला शिवणीत कापड शिल्लक नव्हते, म्हणून रुंद बाजूच आत घेतली. तो आता मला घट्ट होतो, पण दोन्हीकडून सारखा घट्ट होतो. तो घालून कामावर गेले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “श्वास घेतेस ना मधूनमधून?”

गिऱ्हाइकासाठी मऊ सुती कापडाच्या टोप्या पाठवीत आहे. शिवण आतल्या बाजूला ठेवलेली नाही. केस गेल्यावर टाळूला शिवण टोचते, असे एका रुग्णबाईंनी लिहिलेल्या पुस्तकात वाचले, म्हणून ती बाहेर काढली आहे. दिसायला उलटी दिसेल. तसेच घालावे.

रात्री आपल्या घरातला दिवा कोण घालवते, कुलूप कोण लावते, याचा मी हल्ली विचार करते. तिला एकदा विचारून पाहाल का, मी यावे का?

आपली,
मी


२ जून

ती. मावशी यांस,
सा. न.

एप्रिलमधील व मे महिन्यातील माझ्या पत्रांना उत्तर आले नाही. फोन केला तेव्हा आपण ‘बरं आहे’ म्हणालात, आणि मधेच खोकला आला म्हणून ठेवून दिलात. गिऱ्हाइकाची खुशाली दोन ओळींत कळवावी. एक ओळही चालेल.

आपली,
मी


१ जुलै

चि. पंडितबाई, आशीर्वाद.

टोप्या मिळाल्या. शिवण बाहेर काढलीस ते बरोबर केलंस. हे मला सुचलं नसतं. तीस वर्षं मी शिवण लपवायचीच शिकले.

लिहायला उशीर झाला कारण गिऱ्हाइकाला ताप चढला होता, आठ दिवस दवाखान्यात पडून होती. आता घरी आहे. सुया संपत आल्या. केस गेले, भुवयाही गेल्या. आरशात बघून म्हणते, कापड कोरं करकरीत झालंय, आता काय हवं ते शिवा.

मास्तरीणबाईच्या खुर्चीत आता दुसरीच बाई बसते. मी नर्सला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. कोट माझ्याकडे खुंटीला आहे. खांदा उसवला होता, जोडायचा राहिला.

दुकान बंद ठेवलंय. डावा हात सुजतो. कात्री उघडते, मिटत नाही. बायका शटर ठोकतात. “अहो, आमचे कपडे कधी?” मी आतूनच सांगते, झाले की कळवते.

आता कामाचं. गिऱ्हाइकाला एक जाकीट हवंय. तिचे सगळे कपडे डावीकडे लोंबतात, रस्त्यात माणसं आधी तिथं बघतात, मग तोंडाकडे. दुसऱ्या शिंप्याकडे हे माप द्यायला ती तयार नाही. तुझ्याकडे द्यायला तयार आहे. का, ते तिलाच ठाऊक.

कापड पाठवलंय. माप सोबतच्या चिठ्ठीवर आहे. उजवी बाजू अन् डावी बाजू वेगवेगळी लिहिलीय. नीट ऐक. कापडाची घडी घालू नकोस. सगळं जग मी घडीवर कापलं, हिला ते चालणार नाही. उजवी बाजू काप, मग डावी बाजू वेगळी कापावी. डावीकडे आत काही भरू नकोस. दवाखान्यात एक बाई भरलेलं विकायला आली होती, तिला गिऱ्हाइकानं सांगितलं, जे नाही ते नाही. सपाट ठेव, पण नीट बसलं पाहिजे. पुढून बटणं, हात वर होत नाही. डावा मुंढा मोठा ठेव. अस्तर मऊ लाव, त्या जागी अजून नवी कातडी आहे.

आधी कागदावर कापून बघ. कापड एवढंच आहे.

मावशी


५ ऑगस्ट

ती. मावशी यांस,
सा. न.

माप मिळाले. ते आपल्या हातचे आहे. आकडे डावीकडे कललेले आहेत, आणि शेवटचे दोन इतके वाकडे, की ते भिंगाखाली धरून वाचले.

खोलीत एवढे मोठे टेबल नाही. सुट्टीच्या दिवशी वाचनकक्षातले लांब टेबल वापरू द्यावे, अशी विनंती मी केली. तोंडी केली, लेखी नाही, हे आपल्याला मुद्दाम कळवते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “शाई सांडू नये असा नियम आहे. कात्रीबद्दल नियम नाही.” आणि स्वतः खिडकीपाशी वाचत बसल्या.

कागदावर तीनदा कापले. कापड पसरले तेव्हा मात्र माझ्या हातांनी आपोआप त्याची घडी घातली. मी ती उघडली, हाताने इस्त्री केल्यासारखी सपाट केली, आणि हात पुन्हा घडी घालायला निघाले. ग्रंथपालबाईंनी वर पाहिले तेव्हा मी टेबलावर दोन्ही तळवे दाबून नुसती उभी होते. “कुणाचं आहे?” त्यांनी विचारले. “गिऱ्हाइकाचं,” मी म्हणाले. मग कात्री उचलली.

त्यानंतर उजवी बाजू कापली, आणि डावी कापली. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले. वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. खांद्याच्या शिवणीवर जोडले तेव्हा एका माणसाचे झाले.

शंका अशी आहे. डाव्या बाजूला कापड सपाट ठेवल्यास काखेजवळ सुरकुती पडते. तिथे चुणी घ्यावी, की मुंढ्यात जिरवावी? हे अंगावर पाहिल्याशिवाय मला कळणार नाही. अंगावर पाहण्यासाठी मला यावे लागेल. गिऱ्हाइकाला विचारावे.

आपली,
मी


१३ सप्टेंबर

चि. पंडितबाई,

अक्षराकडे बघू नकोस. उजव्या हातानं लिहितेय. पहिलीतल्या पोरीसारखं येतंय.

सुरकुती मुंढ्यात जिरव.

सुया संपल्या तेव्हा वाटलं होतं सुटलो. मग पाठीत दुखायला लागलं. फोटो काढले. हाडात आहे, फुप्फुसातही आहे. डॉक्टर भला माणूस. फिरवून फिरवून बोलत होता. गिऱ्हाईक म्हणाली, “डॉक्टर, सरळ शिवण मारा.” मग म्हणाला, आता दुखू नये एवढंच बघायचं. दुखण्याची गोळी दिलीय, ती चांगली आहे, झोप येते.

पुस्तकात बरोबर लिहिलं होतं. तुझंही बरोबर होतं. पण सुया घेतल्याचं तिला वाईट वाटत नाही. त्यात सहा महिने कुणीतरी दर पत्रात विचारत होतं, मी येऊ का. हे असं तिला पूर्वी कुणी विचारलं नव्हतं. तिनं नको म्हटलं कारण आलीस तर तू टेबलाजवळ उभी राहशील, काही बोलणार नाहीस, आणि तिलाही बोलता येणार नाही. कागदावर बरं चाललं होतं.

जाकिटाची घाई करू नकोस. झालं तर पोस्टानं पाठव. नाही झालं तरी चालेल. आता गिऱ्हाईक ओरडणार नाही.

मावशी


२१ सप्टेंबर

मावशी,

आज मायना नीट लिहिलेला नाही. आणि गिऱ्हाईक हा शब्द आज लिहिणार नाही.

आपले जाकीट तयार आहे. ते मी पोस्टाने पाठवणार नाही. अंगावर घालून पाहिल्याशिवाय कपडा कोणाच्या हाती द्यायचा नाही, हा आपल्या दुकानाचा नियम मी टेबलाखालून इतक्या वेळा ऐकला आहे, की तो मोडणे माझ्याने होणार नाही. बटणांची काजे केलेली नाहीत. त्यांच्या खुणा आपल्या अंगावरच कराव्या लागतील. काठ कच्च्या टाक्यात ठेवला आहे. तुरपाई मी आपल्याजवळ बसून करीन. माझे टाके दुसरीकडे झुकतात, ते आपल्याला खटकेल. मास्तरीणबाईंचा कोट खुंटीवर असेल, तर त्याचा खांदाही जोडू.

रजेचे विचारले. “किती दिवसांची?” ग्रंथपालबाई म्हणाल्या. मी म्हणाले, “माझ्या मावशींना बरं नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही.” एवढे बोलताना माझा आवाज बारीक झाला नाही, हे नंतर माझ्या लक्षात आले. त्यांनी कागदावर काही लिहिले नाही. “जा,” म्हणाल्या.

आपण म्हणता ते खरे आहे. मी टेबलाजवळ उभी राहीन, आणि माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणून हे लिहीत आहे. उद्या सकाळच्या गाडीने मी निघते, म्हणजे हे पत्र माझ्या मागून दोन-तीन दिवसांनी पोचेल. ते आले की माझ्यासमोर उघडू नका. उघडायचेच असेल तर मी टेबलाखाली जाऊन बसेन. आता मी तिथे मावणार नाही, पण बसेन.

फेब्रुवारीत डोळे दुखतात का, असे मी विचारले होते. जे विचारायला हवे होते, ते ड्रेसने सांगितलेले असूनही मला वाचता आले नाही. पुढे जे वाचले, ते सगळे उशिरा वाचले. या उशिराची क्षमा मागत नाही, कारण आपण पुन्हा म्हणाल, साहेबाला अर्ज लिहितेस का.

एकच गोष्ट सांगायची राहिली. जाकिटाचा उजवा खांदा शिवताना जरासा उतरला आहे. मला तो वेळीच दिसला, उसवून नीट करता आला असता, पुरेसा वेळही होता. मी तो तसाच ठेवला आहे. गाडीतून उतरून, दार ढकलून, मी तो आपल्यापुढे धरीन. आपण ओरडणार नाही असे लिहिले आहे. ओरडा. घडी नव्हती म्हणून काय खांदाही पाहायचा नाही का, असे विचारा. पंडितबाई म्हणा. बाहीपासून काठापर्यंत सगळे उसवायला लावा.

मी बसून उसवीन.

तुमची,
टेबलाखालची

टपालपेटीत टाकले : २१ सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे.